चि. निनादला, पणतीपाशी बसून

मालवण,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. आदळला नाहीस, "बरं आई, नंतर बोलू" एवढंच म्हणालास. पण तुझं ते "बरं आई" मी ३८ वर्षं ऐकत आले आहे, आणि त्याच्यामागे आतून कडी लावल्याचा आवाज असतो. म्हणून हे पत्र. २२ तारखेला तू त्या दोन अंगांच्या शिडाच्या बोटीवर, कॅटमरानवर, जायला फ्रान्सला निघणार, टपालाने हे काही वेळेत पोचायचं नाही, तेव्हा लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. निघण्याआधी वाच, नाहीतर बोटीवर वाच. पण वाच.

मी बोलले ते चुकलं. "आधी सायकलवरून पळालास, आता बोटीवरून पळतोयस" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. तीन दिवस झाले, भाजी चिरताना, फुलं काढताना तेच वाक्य कानात येतं. असं बोलायचा मला काही अधिकार नव्हता. का बोलले ते पुढे सांगते, सांगता आलं तर. बोटीबद्दल मात्र या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. ते आपलं बोलून झालंय.

आज तुमच्याकडे मेणबत्त्यांची संध्याकाळ, गेल्या नोव्हेंबरात गेलेल्या आपल्या ईरासाठी. सायलीने मागच्या आठवड्यात सांगितलं होतं, की गेलेल्या बाळांसाठी तिकडे ९ ते १५ ऑक्टोबर असा आठवडा पाळतात, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातला ज्याने त्याने आपापल्या घरी एक ज्योत लावायची. दिवाळी पाच दिवसांवर आली आहे, नव्या पणत्या पाण्यात घातल्याच होत्या. त्यातली एक पुसून मी सात वाजता तुळशीपाशी लावली. मग लक्षात आलं, तुमचे सात वाजायला अजून साडेचार तास आहेत. बाबा म्हणाले, "तवसर रवाक होयी ती." आता मी तेल घालायला जागी आहे आणि ते पडवीत खुर्चीवर पेंगत बसलेत, आत जा म्हटलं तर जात नाहीत.

तुझी लंडन ते पॅरिसची सायकल मला शेवटपर्यंत पाठ आहे. ३१ वर्षं भूगोल शिकवला, पण इंग्लंडचा तो दक्षिणेकडचा तुकडा मला या जूनमध्ये कळला. फोनवरचा तो निळा ठिपका लंडनच्या मोठ्या चाकापासून निघाला तेव्हा इथे पावसाची झड होती, वीज जात-येत होती, आणि मी शेजारच्या शिरीषकडे जाऊन फोन चार्ज करून आणत होते. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली ती कक्कू ट्रेल, हीथफील्डपासून पोलगेटपर्यंत. मग न्यूहेवनला फेरीबोटीत सायकली बांधल्यात आणि चार तासांनी दिएपला फ्रान्सच्या जमिनीवर उतरलात. तिथूनही पुन्हा जुन्या रेल्वेचीच वाट, फोर्ज-लेझ-ओपर्यंत. त्या दिवशी तुझा ठिपका तासभर एका जागी थांबला होता. मला वाटलं पडलास. संध्याकाळी सायलीने सांगितलं, गुडघा धरला होता आणि तुम्ही सगळे एका झाडाखाली बसून कुणाकुणाच्या बाळाबद्दल बोलत होतात. सहा बाप आणि दोन आया. आपण असे कधी बसलो होतो रे कुणाबरोबर? मग जिझोर, आणि चौथ्या दिवशी नोत्र-दाम. ४०० किलोमीटर.

सँड्ससाठी सहा हजार पौंडांच्या वर जमले, ते मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. सँड्स ही संस्था १९७८ साली बाळ गमावलेल्या आईबापांनीच काढली हेही सांगितलं. मासळीवाली कमळाकाकू, तुला चिमटे काढायची ती, तिने पदराच्या गाठीतून ५०० ची नोट काढून माझ्या हातात कोंबली. "बाळाच्या सायकलीक घाल." मी म्हटलं अगं, झाली ती सायकल. म्हणाली, "मग पुढच्या वर्साक." ती नोट मी देवापाशी ठेवली आहे. पुढच्या वर्षी निघशील ना? सायकल बरी. सायकल पडली तर माणूस बाजूला पडतो, सायकल बाजूला पडते, आणि दोघंही उठतात.

झालं, आलेच मी बोटीवर. बरं, आता आलेच आहे तर लिहून टाकते.

तुला वाटतं मला त्यातलं काही कळत नाही आणि मी उगाच भिते. तसं नाही. मे महिन्यात तुम्ही दोघं आला होतात तेव्हा तू विहिरीजवळच्या डोणीत मला सगळं दाखवलं होतंस, आठवतं? नारळाच्या दोन करवंट्या, मध्ये आडवे हीर बांधलेले, आणि उभा एक हीर म्हणजे डोलकाठी, त्याला वडाचं पान. मी फुंकर मारली की सरसर जायची. तू म्हणालास, एका अंगाची बोट वाऱ्याने कलते, कलली की शिडातला वारा आपोआप सांडतो, आणि खाली वजनाचा कणा असतो तो तिला परत उभी करतो. ही कलत नाही. दोन अंगं लांब लांब, म्हणून ताठ उभी राहते आणि सगळा वारा वेगात घालते. म्हणूनच टेबलावरचा पेला हलत नाही, म्हणूनच बायका-पोरं घेऊन लोक जगभर फिरतात. आतमध्ये फ्रीज, कपडे धुवायचं मशीन, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र, न्हाणीघर. ५५ फूट लांब आणि २७ फूट रुंद, म्हणजे आपलं खळं आणि पडवी मिळून. एवढा संसार घेऊन दिवसाला अडीचशे समुद्री मैल कापते, आणि लाटेवरून उतरताना वीस नॉटच्या वर जाते, हे सांगताना तुझे डोळे कसे झाले होते ते मी बघितलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तसे झाले होते. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे तुला सांगितलंच नाही.

पण मग तू बोटाने एक करवंटी उचललीस. थोडी उचलली तोवर परत बसली. अजून उचललीस आणि दोन्ही पालथ्या झाल्या. "बघ आई, बुडल्या का?" तू विचारलंस. मी विचारलं, "पण सरळ झाल्या का?" तेव्हापासून आपण दोघं हेच दोन प्रश्न एकमेकांना विचारतोय. तू म्हणतोस उलटी झाली तरी बुडत नाही, फोमचं अंग आहे, माणसं आत राहू शकतात, तळाला बाहेर पडायचं दार आहे, सिग्नल जातो. मी म्हणते उलटी झाली की सरळ होत नाही. दोघांचंही खरं आहे. तुझ्या खऱ्यावर तू झोपतोस, माझ्या खऱ्यावर मला झोप येत नाही.

तू मला धीर द्यायला रेनमेकर नावाच्या तसल्याच बोटीची गोष्ट सांगितलीस. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या केप हॅटराससमोर डोलकाठी मोडली, पाचही जणांना हेलिकॉप्टरने उचललं, आणि बोट महिनोन् महिने आपली तरंगत राहिली. तुझ्या दृष्टीने ही बोटीच्या भक्कमपणाची गोष्ट. मला त्यात फक्त ते वर उचललेले पाच जण दिसतात, दोरीला लोंबकळणारे, आणि त्यांच्या घरी वाजणारा फोन.

आणि तुला ती म्हादेई बोट आठवते का रे? २००९ साली, २२ वर्षांचा होतास, कमांडर दिलीप दोंदे एकटे जगाला फेरी मारायला निघणार म्हणून गोव्याला मित्राच्या मोटारसायकलवरून दिवाडीला जाऊन आलास, ती ज्या कारखान्यात बांधली तो बघायला. रात्री आलास तो जेवलाच नाहीस, बोलतच बसलास. तेव्हाच मला कळलं होतं की हा आता बँकेच्या परीक्षा देणार नाही. २०१८ मध्ये अभिलाष टॉमी एकट्याने जगफेरी मारायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात अडकले, तेव्हा ते तीन दिवस मी टीव्हीसमोरून उठले नाही. तो काही माझा कुणी नव्हता. पण त्याची बोट थुरिया आडवी झाली, डोलकाठी मोडली, त्याची पाठ मोडली, तरी बोट परत उभी राहिली, आणि फ्रेंच लोकांनी येऊन त्याला त्या बोटीतूनच उचललं. परत उभी राहिली, निनाद. तिला कणा होता.

नाही, हे मी पुन्हा तेच करते आहे. शाळेतली सवय, एकच गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय मुलांना कळणार नाही असं वाटतं. तुला पहिल्यांदाच कळलं आहे, आणि माझ्यापेक्षा शंभरपट जास्त कळलं आहे. ज्या माणसाच्या हाताने दुसऱ्यांच्या डोलकाठ्या उभ्या राहतात त्याला मी डोलकाठीबद्दल काय सांगणार? हॅम्बलच्या त्या वर्कशॉपमधला तुझा फोटो, कार्बनच्या काठीला दोर लावतानाचा, मी फ्रेम करून आजोबांच्या फोटोशेजारी लावला आहे. आजोबांनी जन्मभर होड्या केल्या. उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला तोल राखायला असतो तो ओंडका, बांधायला त्यांच्यासारखा हात दांडीपासून देवबागपर्यंत नव्हता, असं अजून लोक म्हणतात. वाऱ्याने उलांडी पाण्यावरून उचलली की एक जण सरकून तिच्यावर जाऊन बसायचा, हे मी लहानपणी बघितलं आहे. तुझ्या त्या कितीतरी कोटींच्या बोटीचं मूळ मला तिथेच दिसतं. शब्दसुद्धा इकडचाच. मी वर्गात सांगायचे, तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, कोरोमंडलचे कोळी ओंडके बांधून समुद्रात जात त्याचं कट्टुमरम, त्याचंच इंग्रजांनी कॅटमरान केलं. तू तेव्हा तिसऱ्या बाकावर बसून ऐकायचास. पुढे तूच मला सांगितलंस की १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत हेरेशॉफ नावाच्या माणसाने दोन अंगांची बोट आणून सगळ्यांना मागे टाकलं, तर शर्यतवाल्यांनी असल्या बोटींनाच बंदी घातली. किती रागावून सांगितलं होतंस, जणू बंदी तुझ्यावरच होती.

आणि आता त्या बोटीचा मालक स्वतः फोन करून म्हणतो की डोलकाठी तुम्ही तपासली आहे, तुम्ही बरोबर या. फ्रान्सच्या ला ग्रांद मोतहून जिब्राल्टर, तिथून कॅनरी बेटांतलं लास पाल्मास, आणि मग त्या अटलांटिक रॅलीबरोबर महासागर ओलांडून कॅरिबियनमधलं सेंट लुशिया. मला अभिमान वाटतो. रविवारी हेच आधी म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं आणि बाकीचं सगळं बोलले. (जिब्राल्टरपाशी ते ऑर्का २०२० पासून शिडाच्या बोटींची सुकाणू मोडतात असं वाचलं. त्याबद्दल मी विचारणार नाही.)

तू म्हणालास की ही बोट बांधणारा कारखाना १९८४ साली सुरू झाला, ऊत्रमेर, म्हणजे दर्यापल्याड. बाकीचं मी ऐकत होते पण त्या सालापाशी अडकले. आपल्या घरात १९८४ हे साल कुणी उच्चारत नाही, आणि का उच्चारत नाही हे तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे.

तुझ्या आधी एक मुलगी होती. एवढं तुला माहीत आहे. ती ऑगस्टमध्ये झाली, भर पावसात, आणि नवव्या दिवशी गेली. पाचवी पुजून झाली होती. बारशाचं सामान घरात येऊन पडलं होतं, कुंचीसाठी मी आणलेलं पिवळं कापड, तुझ्या मावशीने पाठवलेली वाळी. बारसं व्हायला तीन दिवस होते, म्हणून तिला नाव नाही. आम्ही बाय म्हणायचो, सगळ्याच मुलींना म्हणतात तसं. पहाटे तुझ्या आजीने तिला माझ्या कुशीतून उचललं आणि म्हणाली, "बघू नको, माया लागेल." नऊ दिवसांत लागली नसेल असं समजून म्हणाली बिचारी. दार ओढून घेतलं. दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबा घेऊन गेले होते. पाच दिवसांनी मुंबईहून कंपनीच्या एजंटची तार आली आणि ते बोटीवर गेले. नऊ महिन्यांसाठी. त्यांची पत्रं यायची, दर पत्रात बंदरांची नावं, हवामान, आणि शेवटी प्रकृतीला जप. तिच्याबद्दल एक अक्षर नसायचं. मी ठरवून टाकलं की हा माणूस विसरायला गेला. ठरवलं म्हणजे किती वर्षं, तर ४१.

गेल्या नोव्हेंबरच्या २८ तारखेला तू व्हिडिओवर होतास आणि म्हणालास की तिकडे थंड ठेवणारा पाळणा देतात, ईराला दोन दिवस आमच्याजवळ ठेवणार आहोत. आणि मी काय म्हणाले? "जास्त वेळ जवळ ठेवू नका रे, माया लागेल." आजीचंच वाक्य, तसंच्या तसं, माझ्या तोंडातून आलं. सायली पलंगावर होती, तिने माझ्याकडे बघितलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मी ते बघणं विसरलेले नाही. तिची आणि तुझी, दोघांचीही मी माफी मागते. अकरा महिने उशीर झाला. तुम्ही तिला दोन दिवस जवळ घेतलंत, तिचे केस विंचरलेत, पावलांचे ठसे घेतलेत, तिच्याशी बोललात. ते ठसे सायलीने मे महिन्यात त्या पेटीतून काढून मला दाखवले, तेव्हा मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून गेले. मला वाईट वाटलं म्हणून नाही. मला तुमचा हेवा वाटला.

आता जे सांगायचं होतं ते. नोत्र-दामसमोरचा तुमचा फोटो आला त्या संध्याकाळी मी तो बाबांना दाखवला. तू पाठमोरा, सायली तुझ्या गळ्यात, आणि तुझ्या जर्सीच्या पाठीवर देवनागरीत नाव. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "ईरा." मग उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता, सकाळी म्हणाले, "चल." कुठे विचारलं तर बोलेनात. दांडीच्या बाजूला, वाळूच्या वर, तिथे उंडीचं मोठं झाड होतं बघ, तुम्ही मुलं त्याच्या फळांच्या गोट्या करायचात, तिथे घेऊन गेले. झाड २०२१ च्या तौक्ते वादळात पडलं, आता बुंधा आहे. त्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. मला कळलं. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, "नऊ म्हयने माका तिचा तोंड दिसत रवला."

एवढंच. परत येताना बाजारातून बांगडे घेतले आणि घरी आलो.

म्हणून रविवारी मला तुला सांगायचं होतं की समुद्रावर विसरता येत नाही, तुझ्या बापाला विचार. आणि ते न सांगता मी तुला पळपुटा म्हटलं. कदाचित मी तुला नाही, १९८४ मधल्या त्यांनाच म्हणत होते. पण ऐकलंस तू.

तू विसरायला जात नाहीस, हे मी आता मान्य करते. विसरायचं असतं तर पाठीवर नाव घालून दोन देश पार केले नसतेस. तू कशाला जातोस ते मला नक्की माहीत नाही. कदाचित त्या वेगात डोकं शांत राहतं. कदाचित नुसतं काम आहे, आणि कामाचे पैसे आहेत, आणि आई सगळ्यातच बाळ शोधत बसते. चालेल. जा. मी नको म्हणत नाही.

फक्त तारीख. ॲटलास काढून बसले होते काल. लास पाल्मास ते सेंट लुशिया २७०० समुद्री मैल. ईशान्य व्यापारी वारे पाठीशी, तुमचा वेग धरला तर अकरा-बारा दिवस. २३ नोव्हेंबरला सुटलात तर २८ ला तुम्ही बरोबर मधोमध असाल, जिथे माझ्या ॲटलासमध्ये नुसता निळा रंग आहे, एक बेटसुद्धा नाही. आणि सायली त्या दिवशी साउथहॅम्प्टनच्या घरात. ती म्हणते मला चालेल, तिनेच तुला जा म्हटलं, हे तू मला चार वेळा सांगितलंस. बाबा निघाले तेव्हा मीही म्हणाले होते मला चालेल. दारात उभी राहून हात केला होता.

तेव्हा मी जाणार आहे. हे तुला कळवायचं राहिलं होतं, कळवलं असतं तर तू विमान, थंडी, माझा गुडघा असं काहीतरी काढलं असतंस. गेल्या आठवड्यात कोकणकन्येने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, पासपोर्ट तिकडे जमा आहे. शिरीषच्या मुलीने सगळे फॉर्म भरून दिले. सायलीला माहीत आहे, तिला मीच म्हटलं सांगू नको, तिच्यावर रागावू नकोस. व्हिसा आला की तिकीट काढते, २८ च्या आत पोचायचं एवढंच बघते. कुळथाचं पीठ आणि आमसुलं घेऊन जाणार. आणि ते पिवळं कापड. ४१ वर्षं ट्रंकेत आहे, एका कडेला थोडं विटलंय, बाकी चांगलं आहे. त्याचं काय करायचं ते सायली ठरवेल. नको म्हणाली तर परत आणीन. बाबा इथेच राहतील, त्यांना पुष्पाकाकी डबा देईल. तुम्ही समुद्रावर असाल तेव्हा त्यांनाही इथला समुद्र समोर लागतो, ते बरे असतात.

२८ ला उपग्रहावरून दोन शब्दांचा निरोप पाठव, पण मला नाही, तिला. मी तिथे बसलेली असेन.

आणखी एक सांगते आणि थांबते. फयान वादळाच्या वेळी, २००९ च्या नोव्हेंबरात, इथल्या कितीतरी होड्या परतल्या नाहीत. तू तेव्हा माझ्याबरोबर बंदरावर उभा होतास. ज्या आल्या त्यांच्यातला एक म्हातारा तांडेल काय म्हणाला ते आठवतं? वारा वाढायच्या आधी शीड उतरवलं म्हणून आलो, वाढल्यावर उतरवायला गेले ते राहिले. तू मला म्हणतोस की तुमची बोट कलत नाही म्हणून ती इशारा देत नाही, वाऱ्याचा आकडा बघूनच शीड आवळावं, म्हणजे लहान करावं, लागतं. मग आकडा बघा. रात्र पडायच्या आत आवळा. मालकाला घाई असेल, शर्यतीत नाव यायला हवं असेल, दुसरी बोट पुढे दिसत असेल, तरी आवळा. तो बोटीचा मालक आहे, पण डोलकाठी तुझी आहे, तूच सांगायचं. तुला हे सांगायची गरज नाही हे मला माहीत आहे. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही हे तुला माहीत आहे. उलटी झाली की ती सरळ होत नाही, बाळा.

साडेअकरा झाले. तुमचे सात. बाबा खरंच जागे आहेत, आत्ता उठून तुळशीपाशी गेले, वात पुढे केली, आणि उकिडवे बसलेत. मी त्यांना उठ म्हणत नाही. तुम्ही तिकडे लावली असेल. खिडकीत लावता ना? सायलीला म्हणावं पडदा बाजूला कर आधी.

दोघांना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. पहिल्यांदा शीड आवळायचं ते वीस नॉटला म्हणाला होतास की पंचवीसला? आणि दुसऱ्यांदा कितीला? ते आकडे एका ओळीत लिहून पाठव, कॅलेंडरवर लिहून ठेवते.